बायॉप्सीच्या रिपोर्टातले मळसूत्र

२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी आणि धायरी या पट्ट्यात मज्जातंतूंवर घाला घालणाऱ्या गियाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे वर्तमानपत्रांच्या भाषेत जीबीएसचे, रुग्ण एकापाठोपाठ सापडू लागले आणि संशयितांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. तेव्हापासून आमच्या भागात पोट बिघडले तर ‘बाहेरचे काही खाल्ले असेल’ असे म्हणून कोणी सोडून देत नाही. कॅम्पिलोबॅक्टर, म्हणजे पोट बिघडवणारा आणि जीबीएसला निमित्त होणारा जीवाणू, हा शब्द तोवर माझ्यासारख्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्यांच्या आणि डॉक्टरांच्याच तोंडी असे. त्या महिन्यात तो टँकरवाल्याच्या आणि इस्त्रीवाल्याच्याही तोंडी आला. या जागरूकतेचा फायदा असा, की लोक वेळेवर तपासण्या करून घेतात. तोटा असा, की तपासण्या वाढल्या म्हणजे रिपोर्टांत नवनवे शब्द येतात आणि त्यांचा अर्थ सांगायला मात्र कोणाला सवड नसते.

आमच्याच सोसायटीतले बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ असाच एक शब्द घेऊन माझ्याकडे आले. चार-पाच महिने दिवसातून तीन-चार वेळा पातळ शौचाला होत होते, ताप नव्हता, रक्त पडत नव्हते. मधुमेहाच्या गोळ्या चालू होत्या, पण साखर आटोक्यात होती. शौचाची तपासणी दोनदा ‘नॉर्मल’ आली. शेवटी मोठ्या आतड्याची दुर्बीण झाली. आतून सारे व्यवस्थित दिसले, तरी डॉक्टरांनी अस्तराचे दोन-चार बारीक तुकडे तपासायला, म्हणजे बायॉप्सीला, पाठवले. त्यांचा रिपोर्ट शर्टाच्या खिशात चार घड्या घालून ठेवलेला होता. “सर, घरी अजून दाखवलेला नाही,” ते म्हणाले, “नेटवर पाहिले तर गुप्तरोगाचे नाव येते.” घड्या उलगडल्यावर शेवटच्या ओळीत ठळक अक्षरांत लिहिलेले दिसले: इंटेस्टायनल स्पायरोकीटोसिस.

हा लेख त्या एका ओळीबद्दल आहे.

शब्दाची फोड

‘स्पायरोकीट’ या नावात दोन ग्रीक शब्द आहेत, एकाचा अर्थ वेटोळे आणि दुसऱ्याचा लांब केस. वेटोळ्या केसासारखा दिसणारा जीवाणू तो स्पायरोकीट. मराठीत त्याला मळसूत्री जीवाणू म्हणायला हरकत नाही, कारण स्क्रूच्या आट्यांना आपण मळसूत्र म्हणतो आणि हा जीव नुसता दिसायलाच तसा नाही, तर चालतोही स्क्रूसारखाच. ‘इंटेस्टायनल’ म्हणजे आतड्याचे, आणि शेवटचा ‘ओसिस’ हा प्रत्यय केवळ ‘अमुक एक अवस्था’ एवढेच सांगतो. त्यात सूज आहे, आजार आहे किंवा धोका आहे, यांपैकी काहीच गृहीत नाही. तेव्हा रिपोर्टातल्या त्या ओळीचे सरळ मराठी भाषांतर ‘आतड्यात मळसूत्री जीवाणू असण्याची अवस्था’ इतकेच होते, आणि पुढचा सगळा वाद या ‘असण्या’चा अर्थ काय, यावर आहे.

वाकडा दिसणारा प्रत्येक जीवाणू स्पायरोकीट नसतो, हे येथेच सांगून टाकतो, कारण ज्याच्या नावाने आपले शहर घाबरले तो कॅम्पिलोबॅक्टर आणि जठरातील व्रणास कारणीभूत असणारा हेलिकोबॅक्टर हे दोघेही वळणदारच असतात. फरक शेपटीच्या जागेचा आहे. इतर पोहणाऱ्या जीवाणूंचे धागे अंगाबाहेर लोंबतात आणि बोटीच्या पंख्यासारखे फिरून पाणी कापतात. स्पायरोकीटचे धागे मात्र त्याच्या बाहेरच्या आवरणाच्या आत, अंगालगत, लांबीच्या दिशेने ओवलेले असतात. पायजम्याच्या नेफ्यातली नाडी आठवावी. नाडी दिसत नाही, पण तिला पीळ पडला की सगळा नेफाच पिळवटतो. तसेच आतले धागे फिरले की या जीवाणूचे सबंध शरीर गरगर फिरते आणि तो स्क्रू लाकडात शिरावा तसा पुढे सरकतो. आतड्याच्या अस्तरावर शेंबडासारखा चिकट थर असतो, आणि त्याचे एक काम जंतूंना अस्तरापासून दूर ठेवण्याचे असते. असे बाहेरचे धागे फिरवणारे बरेच जंतू त्या थरात अडकतात. मळसूत्राला मात्र चिकट माध्यम सोयीचेच पडते.

बदनाम नात्यामुळे झालेला घोटाळा

स्पायरोकीटांच्या कुळात काही फार कुप्रसिद्ध मंडळी आहेत. उपदंश, म्हणजे सिफिलिस, ज्यामुळे होतो तो ट्रेपोनेमा पॅलिडम हा जीवाणू १९०५ साली जर्मनीत शोडिन आणि हॉफमन यांनी ओळखला, तो याच कुळातला. दर पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालू नका असे ज्याच्यामुळे सांगितले जाते तो लेप्टोस्पायराही यातलाच. आपण ज्याची चर्चा करीत आहोत त्याचे नाव ब्रॅकीस्पायरा. हा सिफिलिसचा जंतू नव्हे, त्याचे सौम्य रूप नव्हे आणि तो पुढे सिफिलिसमध्ये बदलतही नाही. आडनाव कुलकर्णी आहे म्हणून कोणी महाराष्ट्रातल्या साऱ्या कुलकर्ण्यांना एका घरात कोंबत नाही. येथेही तोच विवेक बाळगायला हवा.

पण माझ्या शेजाऱ्यांचा घोटाळा केवळ नेटमुळे झालेला नव्हता. रिपोर्टात खाली बारीक अक्षरांत लिहिले होते, की ट्रेपोनेमा प्रतिपिंडाचा रंग ‘पॉझिटिव्ह’ आला. प्रतिपिंड म्हणजे विशिष्ट जंतूला चिकटण्यासाठी बनलेले प्रथिन. प्रयोगशाळांकडे सिफिलिसच्या जंतूला चिकटणारे तयार प्रतिपिंड असते, आणि दोन्ही जंतूंच्या अंगावरची काही प्रथिने इतकी मिळतीजुळती असतात की तेच प्रतिपिंड ब्रॅकीस्पायरालाही चिकटून त्याला रंगवते. पॅथॉलॉजिस्ट ही सोय म्हणून वापरतात, कारण त्यामुळे नजरेतून निसटणारे जंतू ठळक दिसतात. एका चावीने दोन कुलपे उघडली म्हणून दोन्ही घरांचा मालक एक ठरत नाही. सिफिलिस आहे की नाही हे रक्ताच्या वेगळ्या चाचण्यांनी ठरते, आतड्याच्या तुकड्यावरच्या या रंगाने नव्हे. माझी तक्रार इतकीच, की असा शब्द रिपोर्टात लिहिताना पुढे स्पष्टीकरणाची एक ओळ जोडायला शाई फारशी खर्च होत नाही.

काचेखाली काय दिसते

माणसाच्या आतड्यात प्रामुख्याने दोन प्रजाती आढळतात. ब्रॅकीस्पायरा आल्बॉर्गी ही १९८२ साली वेगळी काढण्यात आली आणि डेन्मार्कमधील आल्बॉर्ग शहरावरून तिला नाव मिळाले. दुसरी ब्रॅकीस्पायरा पायलोसिकोली. हिच्या नावाचा अर्थ ‘केसाळ आतडे’ असा होतो, आणि ती माणसांखेरीज डुकरे, कोंबड्या, कुत्रे यांच्यातही सापडते. डुकरांना रक्ती हगवण लावणारी तिसरी एक बहीण आहे, पण तिचा माणसांशी तसा संबंध येत नाही.

‘केसाळ’ हे विशेषण किती नेमके आहे, ते मला एका पॅथॉलॉजिस्ट मित्राच्या प्रयोगशाळेत समजले. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवलेली स्लाइड त्याने भिंगाखाली ठेवली. मोठ्या आतड्याचे अस्तर छान दिसत होते. उभ्या पेशींची ओळ, मधूनमधून चिकट स्राव बनवणाऱ्या फुगीर पेशी, सगळे जागच्या जागी. मला काहीच वावगे दिसेना. मग त्याने भिंग बदलून चाळीसपट केले आणि म्हणाला, “आता फक्त काठ पाहा.” पेशींच्या मोकळ्या टोकांवर निळसर रंगाची एक अरुंद, मऊ पट्टी होती, सुमारे तीन मायक्रॉन जाडीची, नव्या पातळाच्या काठावर मखमली झालर लावावी तशी. आपल्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून त्या झालरीच्या बारीकपणाची कल्पना यावी. नंतर त्याच तुकड्याची चांदीच्या क्षाराने रंगवलेली दुसरी स्लाइड त्याने लावली, आणि झालरीच्या जागी हजारो काळ्या काड्या दाटीवाटीने उभ्या असलेल्या दिसल्या. आषाढात मुळशीकडे भाताची लावणी झालेले खाचर पाहिले असेल, तर त्या दृश्याची ओळख पटते. प्रत्येक रोप एका टोकाने चिखलात रोवलेले, दुसरे टोक वर मोकळे. ब्रॅकीस्पायराही आपले एक टोक पेशीच्या पृष्ठभागात किंचित रुतवते आणि उरलेले अंग पोकळीत उभे ठेवते. ते सहसा पेशी फोडून आत शिरत नाही, आणि म्हणूनच जंतू एवढे दाट असूनही आसपास पू, व्रण किंवा मोठी सूज बहुधा दिसत नाही.

निरोगी पेशींच्या टोकांवरही अतिसूक्ष्म उंचवट्यांची एक किनार असते, तिला ब्रश बॉर्डर म्हणतात. जंतूंची ही झालर तिच्यासारखी दिसते, म्हणून तिला ‘खोटी ब्रश बॉर्डर’ असे नाव पडले. हार्लंड आणि ली या दोन ब्रिटिश संशोधकांनी १९६७ मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या साह्याने ही झालर म्हणजे रोवलेले स्पायरोकीट आहेत हे दाखवले आणि या अवस्थेला आजचे नाव दिले.

शौचाची तपासणी मग नॉर्मल कशी आली?

हा प्रश्न शेजाऱ्यांनी काहीशा रागानेच विचारला, आणि त्यांचा राग समजण्यासारखा होता, कारण दोनदा पैसे भरून ‘काही नाही’ असे उत्तर मिळाले होते. शौचाच्या नेहमीच्या तपासणीत आमांशाचा अमीबा, जिआर्डिया, जंतांची अंडी, पूपेशी आणि रक्त शोधले जाते. कल्चर लावले तर त्यात टायफॉइड किंवा हगवणीचे ठरावीक जंतू एक-दोन दिवसांत वाढतात की नाही, ते पाहतात. ब्रॅकीस्पायरा या दोन्ही जाळ्यांतून निसटते. तिला हवेतला प्राणवायू सोसत नाही, खास पोषक माध्यम लागते, आणि तिची वाढ अतिशय मंद असते. रात्री विरजण लावले की सकाळी दही तयार असते. आपले सामान्य जंतू त्या वेगाने वाढतात. ब्रॅकीस्पायराचे काम लोणचे मुरण्यासारखे आहे. पायलोसिकोलीला निदान काही दिवस आणि आल्बॉर्गीला तर काही आठवडे द्यावे लागतात, आणि दोन दिवसांनी ताटल्या टाकून देणाऱ्या प्रयोगशाळेत ती उगवणार तरी कशी? जंतूचा जनुकीय अंश ओळखणारी पीसीआर चाचणी ती पकडू शकते, पण नेहमीच्या तपासण्यांत ती चाचणी या जंतूसाठी केली जात नाही.

दुर्बिणीतही बहुधा काही दिसत नाही. म्हणून दीर्घकाळ जुलाब असलेल्या रुग्णाचे आतडे वरून चांगले दिसत असले, तरी डॉक्टर तुकडे घेतात. ‘सगळे नीट होते तर तुकडा कशाला काढला’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. केवळ सूक्ष्मदर्शकाखालीच कळणारे आजार आतड्यात आणखीही आहेत.

मग हा आजार आहे की नाही?

आता मुख्य प्रश्नाकडे येतो, आणि येथे ‘वस्ती’ आणि ‘बाधा’ हे दोन शब्द वेगळे करणे भाग आहे. जंतू शरीरात राहतो पण त्रास देत नाही, ती वस्ती. त्याच्यामुळे शरीराचे नुकसान होते, ती बाधा. आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जीवाणूंची वस्ती असते आणि तिच्याविना आपले चालतही नाही. ब्रॅकीस्पायराचे नाव कोणत्या यादीत घालायचे, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही, आणि हे मतभेद कोणी तरी अडाणी आहे म्हणून नाहीत, तर पुरावाच दोन्हीकडे ओढणारा आहे म्हणून आहेत.

वस्तीच्या बाजूचा पुरावा असा. श्रीमंत पाश्चात्त्य देशांत बायॉप्सी केलेल्या लोकांपैकी साधारणपणे शंभरात काही थोड्यांमध्येच हा जंतू दिसतो, पण स्वच्छ पाणी आणि संडास यांची वानवा असलेल्या वस्त्यांमध्ये तो सर्रास आढळतो. आपल्याच देशातले उदाहरण घ्यायचे तर आसामातील तीन चहाच्या मळ्यांवर राहणाऱ्या ३१६ माणसांच्या शौचाची पीसीआरने तपासणी झाली होती आणि तिचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे चौथ्या हिश्श्याच्या माणसांत पायलोसिकोली सापडली. मळ्यांवरची एकशे एक कुत्रीही तपासली गेली, त्यांत ती एकाच कुत्र्यात आढळली. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ खेड्यांतही जवळपास तेवढेच प्रमाण मिळाले. त्या भागांतला प्रत्येक चौथा माणूस काही अंथरुणाला खिळलेला नव्हता. जो जंतू एवढ्या चालत्याफिरत्या, कामकरी माणसांत निवांत राहतो, त्याला आजाराचे कारण ठरवताना जपून बोलावे लागते.

बाधेच्या बाजूलाही पुरावा आहे, आणि अलीकडे तो वाढतो आहे. स्वीडनमध्ये सर्वसाधारण लोकसंख्येतून निवडलेल्या ७४५ जणांची दुर्बिणीतून तपासणी करून २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले गेले. त्यांच्यापैकी १७ जणांत, म्हणजे शंभरात सुमारे दोघांत, स्पायरोकीट होते. त्यांच्या अस्तरात इओसिनोफिल नावाच्या संरक्षक पेशी जास्त होत्या आणि त्यांच्यात आयबीएसच्या तक्रारीही अधिक होत्या. आयबीएस म्हणजे तपासण्यांत ठोस बिघाड न दिसता पोट वारंवार दुखणे व शौचाची सवय बिघडणे. त्याच देशातील गोथेनबर्गच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवले, की आयबीएसच्या रुग्णांपैकी जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याच्या लोकांच्या अस्तरावर ब्रॅकीस्पायरा चिकटलेली होती, तर तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी माणसांत ती एकातही नव्हती. झालर जेथे फार दाट असते, तेथे पेशींच्या मूळच्या सूक्ष्म उंचवट्यांची मोड झालेली दिसते, आणि पाणी शोषून घेण्याच्या कामात त्यामुळे अडथळा येत असावा, असे मानायला जागा आहे. शिवाय, ज्यांची प्रकृती आधीच अत्यवस्थ होती अशा काही रुग्णांच्या रक्तातही पायलोसिकोली मिळालेली आहे. तेथे तिला कोणी निरुपद्रवी म्हणणार नाही.

दोन्ही बाजू वाचल्यावर मला जुन्या वाड्यातल्या चोरीची आठवण होते. चोरी झाली त्या रात्री वाड्यात एक अनोळखी पाहुणा उतरलेला होता. त्याच्यावर संशय येणे स्वाभाविक आहे. पण तो गेले सहा महिने वाड्यातच राहत होता आणि शेजारच्या दहा वाड्यांतही असेच पाहुणे उतरलेले असून तेथे चोरी झालेली नाही, हे कळले की चौकशी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. उलटी शक्यताही असते. कदाचित दार आधीच उघडे होते, म्हणून पाहुणा आत आला. म्हणजे आतड्यातला बिघाड आधीचा आणि ब्रॅकीस्पायरा त्याचा फायदा घेऊन नंतर आलेली. जंतूला दोषी ठरवायची जुनी कसोटी रॉबर्ट कॉख यांच्या नावाने ओळखली जाते. आजाऱ्यांत जंतू मिळावा, तो वेगळा वाढवता यावा, निरोगी शरीरात सोडल्यावर तोच आजार व्हावा, आणि तेथून तो पुन्हा मिळावा. पायलोसिकोलीने डुकरांमध्ये ही परीक्षा बऱ्याच अंशी दिली आहे. माणसांत ती घेणार कोण, आणि आल्बॉर्गी तर वाढवायलाच मुश्कील.

माझे स्वतःचे मत असे, की ‘हा जंतू आजार करतो का’ हा प्रश्नच जरा ढोबळ आहे. कोणती प्रजाती, किती दाट, कोणाच्या आतड्यात, आणि त्या माणसाची प्रतिकारशक्ती कशी, यांवर उत्तर बदलत असणार. पण हे मत आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे.

‘जंतू सापडला आहे, तर मारून मोकळे का होऊ नये?’

औषध उपलब्ध आहे, हे खरे. मेट्रोनिडाझोल, म्हणजे आमांशासाठी जिची गोळी पुण्यातल्या बहुतेक घरांच्या औषधाच्या डब्यात पडून असते, ती या जंतूवर सहसा लागू पडते. अडचण अशी, की रुग्णाला काहीच त्रास नसेल आणि जंतू दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या दुर्बिणीत योगायोगाने सापडला असेल, तर बहुतेक डॉक्टर औषध न देता लक्ष ठेवणे पसंत करतात. औषध फुकट मिळत नाही, आणि येथे मी पैशांबद्दल बोलत नाही. तोंडाला धातूसारखी चव येते, मळमळते, औषध फार दिवस चालू राहिले तर हातापायांना मुंग्या येऊ शकतात, त्या काळात मद्य वर्ज्य करायला सांगतात. आणि गोळीला भला जीवाणू कोणता व बुरा कोणता हे कळत नसल्याने आतड्यातल्या उपयोगी वस्तीचीही नासधूस होते. गोथेनबर्गच्या अभ्यासात आणखी एक चमत्कारिक गोष्ट दिसली. औषध दिल्यानंतर काही रुग्णांत हे जंतू अस्तरावरून नाहीसे झाले खरे, पण ते चिकट स्राव बनवणाऱ्या फुगीर पेशींच्या आत दडलेले आढळले. झालर गेली म्हणजे जंतू गेला, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही ते यामुळे.

त्रास मात्र खरा असेल, बराच काळ चाललेला असेल आणि दुसरे कारण सापडत नसेल, तर औषधाचा एक कोर्स देऊन पाहणे रास्त आहे आणि त्याने बरे वाटलेले रुग्ण आहेत. एचआयव्ही किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती खालावली असेल, तर निर्णय औषधाकडे लवकर झुकतो. हे सारे पोटाच्या डॉक्टरांनी ठरवायचे आहे. औषधाच्या दुकानात उभे राहून, मागच्या वेळच्या पाकिटातल्या उरलेल्या पाच गोळ्या मोजून ते ठरवू नये.

‘दुसरे कारण सापडत नसेल तर’ या शब्दांवर मी मुद्दाम जोर देतो. रिपोर्टात जंतूचे नाव आले की रुग्णाला आणि कधी कधी डॉक्टरांनाही हायसे वाटते, शोध संपल्यासारखा वाटतो. शौचातून रक्त जाणे, वजन उतरणे, रक्त कमी होणे किंवा रात्री झोपेतून उठून शौचाला धावावे लागणे ही लक्षणे या जंतूच्या नावावर खपवून चालत नाहीत. त्यांच्यामागे आतड्याचा कर्करोग, आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारे आजार किंवा आपल्याकडे अजूनही आढळणारा आतड्याचा क्षयरोग असू शकतो. थायरॉइड, गव्हाच्या प्रथिनाचे वावडे आणि चालू असलेली औषधे हीसुद्धा तपासावी लागतात.

तो येतो कोठून?

बहुतेक सर्व चिन्हे एकाच वाटेकडे बोट दाखवतात. एकाच्या शौचातून बाहेर पडून पाणी, अन्न किंवा हात यांच्यामार्फत तो दुसऱ्याच्या तोंडात जातो. ऑस्ट्रेलियात पर्थजवळच्या तळ्यांवर झालेल्या एका अभ्यासात पायलोसिकोली तळ्याच्या पाण्यातही मिळाली आणि प्रयोगात ती ४ अंश सेल्सिअसच्या थंड पाण्यात ६६ दिवस, तर २५ अंशांच्या पाण्यात अवघे चार दिवस तगली. म्हणजे पुण्याच्या हवेत तिला पाण्यात फार काळ तग धरता येऊ नये, पण मैलापाणी रोजच मिसळत असेल तर चार दिवसही पुरे होतात. पाणी उकळले की ती मरते. जलवाहिनीची गळती, टाकी कित्येक महिने न धुणे, टँकरचे पाणी क्लोरिन न घालता टाकीत सोडणे, या २०२५ च्या जानेवारीत आपण तावातावाने चर्चिलेल्या गोष्टी येथेही तितक्याच लागू आहेत.

लैंगिक संबंधांतून, विशेषतः गुदमार्गाशी तोंडाचा संपर्क येणाऱ्या संबंधांतून, हा जंतू पसरू शकतो, आणि पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत व एचआयव्ही असलेल्यांत त्याचे प्रमाण जास्त आढळते. म्हणून काही रुग्णांना डॉक्टर एचआयव्हीसह इतर चाचण्या सुचवतात. सुचवल्या तर करून घ्याव्यात. मात्र जंतू सापडला यावरून कोणाच्या खासगी आयुष्याबद्दल निष्कर्ष काढणे सर्वस्वी चुकीचे आहे. चहामळ्यावरच्या चौथ्या हिश्श्याची माणसे काय सांगत होती, ते वर आलेच आहे.

जीबीएसशी याचा संबंध आहे का, हे आमच्या भागात विचारले जाणारच. कॅम्पिलोबॅक्टरच्या बाह्य आवरणातील काही शर्करायुक्त रेणू आपल्या मज्जातंतूंवरील रेणूंसारखे असतात. त्यामुळे जंतूवर चालून गेलेली प्रतिकारशक्ती चुकून मज्जातंतूंवरही तुटून पडते, आणि त्यातून जीबीएस होतो. त्या आजाराच्या नेहमीच्या कारणांत ब्रॅकीस्पायराची गणना होत नाही.

घडी घातलेला कागद

माझ्या शेजाऱ्यांना मी औषध सांगितले नाही; तो माझा अधिकार नाही. एवढेच सुचवले, की पुढच्या भेटीत डॉक्टरांना ‘हा जंतू मारायचा का’ असे विचारण्याआधी ‘माझे जुलाब नक्की कधी सुरू झाले’ हे तारखेसह सांगा. त्यांनी घरी जाऊन मधुमेहाची फाईल काढली. मेटफॉर्मिनची मात्रा वाढवल्याची चिठ्ठी आणि जुलाबांची सुरुवात यांत जेमतेम तीन आठवड्यांचे अंतर निघाले. मेटफॉर्मिनने पोट सैल होणे ही नित्याची गोष्ट आहे. डॉक्टरांनी तीच गोळी हळूहळू विरघळणाऱ्या प्रकारात दिली, मात्रा थोडी उतरवली आणि जंतूवरचा कोर्स सहा आठवडे लांबणीवर टाकला. सहा आठवड्यांनी तो लिहून देण्याची गरज उरली नाही.

यावरून त्यांच्या पोटातली ब्रॅकीस्पायरा निर्दोष ठरली असे नाही; ती बहुधा अजूनही तेथेच रोवलेली असेल आणि थोडाफार वाटा तिचाही असेल. पुन्हा जुलाब सुरू झाले तर तिचा विचार करायचा, असे डॉक्टरांनी फाईलवर लिहून ठेवले आहे. परवा लिफ्टमध्ये भेटले तेव्हा त्यांच्या हातात तीच फाईल होती, आणि तो रिपोर्ट चारही घड्या मोडून, पंचिंग करून, तारखेनुसार आपल्या जागी लावलेला होता. त्यांच्या पत्नीने त्यावर पेन्सिलीने लिहिले होते: ‘गुप्तरोग नाही. सरांना विचारले.’